दोन्हीकडचा माणूस

सर्जेराव औताडे यांनी आजवर त्रेचाळीस लग्नं जुळवली होती आणि त्यातली एक्केचाळीस टिकली होती. उरलेल्या दोनांचा विषय कुणी काढला की ते पाणी प्यायला आत जात. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं फायली सांभाळून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. पण खात्यात त्यांना कालव्यांसाठी कुणी ओळखत नसे, सोयरिकींसाठी ओळखत. पार सोयगावपासून करमाडपर्यंत कुणाची पोरगी लग्नाला आली की फोन सर्जेरावांना यायचा. त्यांनी कधी कुणाची दमडी घेतली नाही. मध्यस्थाचा मान म्हणून मुलीकडून एक टॉवेल-टोपी आणि मुलाकडून एक टॉवेल-टोपी, बस्स. त्यांच्या पत्नी आवडाबाईंच्या कपाटातला एक अख्खा कप्पा या टॉवेलांनी अडवला होता, आणि गेल्या वीस वर्षांत त्या घरात टॉवेल विकत आणल्याचं कुणाला आठवत नाही.

"तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" असं मांडवात कुणी विचारलं की सर्जेराव टोपी सारखी करून म्हणत, "मी दोन्हीकडचा." एवढं बोलून ते आजूबाजूला पाहत. आणखी कुणी ऐकलं असेल तर बरं, अशा बेतानं.

तर अशा माणसाच्या शेजाऱ्याला घर विकायचं होतं.

शेजारी म्हणजे कडूबा पठाडे. वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते, आता निवृत्त. बायको मुक्ताबाई, मुलगा शिवराज, त्याची मुलगी राजनंदिनी. सव्वीस वर्षांपूर्वी शिवदर्शन कॉलनीत दोघांनी एकाच मालकाकडून शेजारीशेजारी प्लॉट घेतले. गुंठ्याच्या भावानं, बॉण्ड पेपरवर, सगळ्या कॉलनीनं घेतले तसे. घरं उभी राहिली. मधली भिंत बांधता बांधता दोघांचेही पैसे संपले, म्हणून ती चार फुटांवर थांबली ती थांबलीच. रोज सकाळी साडेसहाला कडूबा त्या भिंतीवर रिकामा कप टेकवून विचारायचे, "झाला का?" आणि सर्जेराव त्यात चहा ओतायचे. संध्याकाळी पाचला सर्जेरावांचा कप भिंतीवर जायचा. सव्वीस वर्षांत दोघांपैकी कुणी कुणाला "चहाला या" असं म्हटलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी कडूबा कपात फुंकर मारत म्हणाले, "शिवराजनं करमाडला फ्लॅट बुक केला. शेंद्र्याची कंपनी जवळ पडती त्याला. लिफ्ट हाय. सुनबाईची बी नोकरी, राजनंदिनीला सांभाळायला कोणी नाय. मुक्ता तर आत्तापासूनच बोचकं बांधून बसली. हे घर विकायचं अन् तिकडं भरायचं. आखाजीपर्यंत पैसं भरलं नाय तर बिल्डर दुसऱ्याला देतो म्हणला."

"चांगलंय की," सर्जेराव म्हणाले. "करमाड म्हणजे काय अमेरिका नाय. वीस किलोमीटर." आणि त्यांनी स्वतःच्या कपाऐवजी भिंतीवर चहा ओतला.

"चौकातल्या गोकुळला सांगतो म्हणतो," कडूबा म्हणाले. "दोन टक्के आपल्याकडून घेतो, दोन टक्के घेणाऱ्याकडून."

इथं सर्जेरावांनी किटली खाली ठेवली. काही माणसांना क्रिकेटचा विषय निघाला की राहवत नाही, काहींना राजकारणाचा. सर्जेरावांना तत्त्वाचा विषय निघाला की राहवत नसे.

"दोन्हीकडून घेतो? अरे, एक माणूस दोघांचा वकील कसा होईल? कोर्टात चालतं का असं? तुला भाव चढवायचाय, समोरच्याला उतरवायचाय. मधला माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवून उभा. तू त्याला मनातला आकडा सांगणार, समोरचा त्याचा सांगणार. मग तो कुणाचा? तुझा की त्याचा?"

"मंग तू लग्नात काय करतो?" कडूबांनी विचारलं.

"ते वेगळं. मी पैसे घेत नाही. ज्याला कुणाकडून काही नको, तोच दोघांशी खरं बोलू शकतो."

आता या वाक्यात काहीतरी खोट आहे हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण सकाळी साडेसहाला एवढं ठाम बोलणारा माणूस समोर असला की ऐकणारा मान डोलावतो. कडूबांनी डोलावली. अशा रीतीनं सर्जेराव औताडे हे एक दमडी न घेता दोन्ही बाजूंचे एजंट झाले.

गिऱ्हाईक त्यांनी एका दिवसात आणलं. आवडाबाईंच्या बहिणीची मुलगी तनुजा आणि तिचा नवरा अतुल. सोयरीक क्रमांक अडतीस. तनुजा शाळेत शिक्षिका, अतुल औषधांच्या कंपनीत. भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई आणि तेही वर चढत नसे. त्यामुळं अतुल दर आठवड्याला चाळीस हंडे तीन जिने चढवायचा आणि उरलेला आठवडा कमरेला पट्टा बांधून फिरायचा. तळमजल्यावरचं घर आणि दारात बोअर, एवढं ऐकूनच त्यानं पट्टा सैल केला.

घर बघायचा कार्यक्रम सर्जेरावांनी मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखाच ठेवला. रविवार, सकाळी दहा, मुक्ताबाईंकडं पोहे. तनुजा खोल्या बघत होती, मुक्ताबाई कढीपत्त्याचं झाड कौतुकानं दाखवत होत्या. सगळं छान चाललं होतं. आणि मग सर्जेरावांनी खिशातून टॉर्च काढला.

"हे बघ तनुजा," ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उकिडवे बसून म्हणाले, "इथं ओल आहे. दिवसा दिसत नाही, म्हणून टॉर्च आणला. आपल्याला लपवाछपवी जमत नाही. आणि बोअर आहे, पण चैत्र सरला की आटतो. पाऊस पडेस्तोवर टँकर. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. हात लावून बघ, भिंत थरथरतेय की नाही?"

तनुजानं भिंतीला हात लावला. मुक्ताबाईंच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. कडूबा सर्जेरावांकडं असे बघत होते की जणू हा टॉर्चवाला माणूस त्यांनी आजच पाहिला.

जाता जाता तनुजा अंगणात थांबली. "काका, घर तसं आवडलं. फक्त ही मधली भिंत थोडी वाढवून वर ग्रिल टाकून घेऊ. कुणीही डोकावतं असं."

"टाका की," सर्जेराव म्हणाले. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. आवडाबाईंनी विचारलं तर पोहे जड झाले म्हणाले.

न्यायाला दोन पारडी असतात. सर्जेरावांनी एका पारड्यात टॉर्च ठेवला होता. आता दुसऱ्यात काहीतरी ठेवणं त्यांना भागच होतं. संध्याकाळी ते भिंतीशी गेले. "कडूबा, तुला अंधारात ठेवणार नाही. तनुजाचा नवरा कंत्राटी आहे. बँक कर्ज देईल न देईल. आणि वहिनींचा कढीपत्ता ते ठेवणार नाहीत, तिथं स्कूटी लावायची म्हणत होते."

कढीपत्ता तोडणार हे ऐकून मुक्ताबाई आत निघून गेल्या. कडूबा इतकंच म्हणाले, "सर्जा, तू इकायला मदत करू राहिला ना?"

"म्हणूनच तर खरं सांगतोय."

भावाचं तर विचारूच नका. कडूबांनी मागितले बेचाळीस लाख आणि सर्जेरावांच्या कानात सांगितलं, "अडोतीसपर्यंत येतो. पर सांगू नको." तनुजानं सांगितले छत्तीस आणि फोनवर हळूच म्हणाली, "काका, अगदीच अडलं तर एक्केचाळीसपर्यंत जाऊ. पण हे आपल्यात." आता सर्जेरावांपुढं धर्मसंकट. एकाचं गुपित लपवावं तर दुसऱ्याशी बेइमानी. रात्रभर विचार करून त्यांनी असा मार्ग काढला की ज्यात कुणावरच अन्याय होणार नाही: त्यांनी दोघांनाही दोघांची गुपितं सांगितली.

परिणाम असा झाला की कडूबा एक्केचाळीसच्या खाली एक पैसा उतरेनात आणि तनुजा अडतीसच्या वर एक पैसा चढेना. दोघांनाही समोरच्याच्या हातातली पानं दिसत होती. असला खेळ कोण हरणार? पंधरा दिवस दोन्हीकडून एकच निरोप येत राहिला, "त्यांना परवडतं, आम्हाला माहितीय." सर्जेरावांना मात्र समाधान होतं. दोघंही आपल्यावर सारखेच चिडलेत, म्हणजे आपण नक्कीच निःपक्षपाती आहोत, असा त्यांनी अर्थ काढला.

समोरच्या मनकर्णाबाई ओट्यावर ज्वारी निवडत हे सगळं बघत होत्या. त्यांचं मत कुणी विचारलेलं नव्हतं, तरी ते तयार होतं. "सर्जेराव, माझ्या नणंदेच्या घराचं असंच झालं. उंबऱ्याखाली नारळ पुरा, एका म्हैन्यात इकतं." दोन दिवसांनी त्यांनी दुरुस्ती केली की नारळ घर राखण्यासाठी पुरतात, विकण्यासाठी लिंबू. सर्जेरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी कडूबांच्या उंबऱ्यापाशी एक लिंबू सापडलं, आणि ते कुणी ठेवलं हे आजतागायत कॉलनीला कळलेलं नाही.

तेवढ्यात कागदांचा घोळ उपटला. गुंठेवारीतलं घर विकायचं तर ते नियमित झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. कडूबांकडं ते होतं, नुसतं होतं असं नाही, लॅमिनेट करून होतं. पंधरा वर्षांपूर्वी सर्जेरावांनीच तसं करायला लावलं होतं. "कागद अमर होतो," असं तेव्हा म्हणाले होते. या शहरातल्या घराघरांत जन्मदाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत जे जे प्लास्टिकमध्ये अमर झालंय, त्यात सर्जेरावांचा वाटा मोठा आहे.

एका कचेरीत (नाव घेत नाही; अजून कामं पडतात) खिडकीतल्या बाईंनी ते प्रमाणपत्र हातात घेऊन वाकवून पाहिलं. "यावर शिक्का कुठं मारू? प्लास्टिकवर शाई बसत नाही. मूळ कागद आणा."

"मॅडम, हाच मूळ कागद."

"काका, हा कागद नाही, हे ताट आहे."

छत्तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरून हे ऐकावं लागलं. त्यांच्या मागं रांगेत सात माणसं होती आणि सातही हसली. घरी येऊन सर्जेरावांनी आवडाबाईंची इस्त्री मागितली. मोबाईलवर कुणीतरी दाखवलं होतं की हलकी इस्त्री फिरवली की प्लास्टिक सुटतं. सुटलं. पण ते कागद सोडून इस्त्रीला चिकटलं, येताना साहेबांची सही आणि अर्धा गोल शिक्का सोबत घेऊन आलं. आता मूळ प्रमाणपत्र अर्धं कागदावर आणि अर्धं इस्त्रीवर होतं. "दोन्ही घेऊन जा खिडकीत," आवडाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात साड्या विनाइस्त्रीच्या नेसाव्या लागल्या.

मग नक्कल मिळवण्यासाठी अर्ज. अर्जाला तिकीट, तिकिटाला रांग, रांगेला जेवणाची सुट्टी. रेकॉर्ड खोलीतला माणूस रोज म्हणायचा, "उद्या या." हे दोन शब्द सर्जेरावांनी नोकरीत हजारो वेळा उच्चारले होते, ते ऐकायला कसे लागतात हे त्यांना आत्ता कळत होतं. चौथ्या दिवशी त्यांना त्या सगळ्या शेतकऱ्यांची मनातून माफी मागावीशी वाटली. पाचव्या दिवशी मागितलीही, पण समोर रेकॉर्डवालाच होता आणि त्याला वाटलं म्हातारा उन्हानं भ्रमलाय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस उरले. शिवराजचा रोज फोन, "बाबा, काय झालं?" आणि मग एका सकाळी साडेसहाला भिंतीवर कप आला नाही.

सर्जेराव किटली घेऊन उभे होते. पलीकडं कडूबा झाडांना पाणी घालत होते, पाठ करून. सर्जेराव खाकरले. कडूबांनी कढीपत्त्याला दुसऱ्यांदा पाणी घातलं.

"कडूबा, चहा."

"आज नको."

"का बरं?"

कडूबा वळले. एवढ्या वर्षांत त्यांचा असा चेहरा सर्जेरावांनी पाहिला नव्हता. "दोन म्हैने झाले. गोकुळला दिलं असतं तर आत्तापर्यंत मी करमाडला असतो. तू नुसता येतो अन् त्यांचं मला सांगतो, माझं त्यांला सांगतो. काल शिवराज म्हणला, बाबा, औताडे काका आपले हायेत का त्यांचे? मला सांगता आलं नाय."

"मी दोन्हीकडचा," सर्जेराव म्हणाले. पण हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बारीक आवाजात निघालं.

ओळीनं चार दिवस कप आला नाही. ज्या माणसानं नाती जोडण्यात जन्म घालवला त्याच्याशी सख्खा शेजारी बोलेनासा झाला. सर्जेराव पहिल्या दिवशी संतापले, दुसऱ्या दिवशी कृतघ्नपणावर आवडाबाईंना व्याख्यान दिलं, तिसऱ्या दिवशी गप्प बसले. चौथ्या दिवशी त्यांनी किटलीभर चहा केला आणि मोरीत ओतला.

त्याच दुपारी गोकुळ आला. तिशीतला पोरगा, डोळ्यांवर गॉगल, पिशोरचा. हा आपल्या जखमेवर मीठ चोळायला आला असणार या खात्रीनं सर्जेरावांनी त्याला पंखा नसलेल्या बाजूला बसवलं. पण गोकुळला नुसतं विचारायचं होतं, पठाडे काकांचं घर मोकळं असेल तर त्याच्याकडं एक गिऱ्हाईक होतं. होस्टेल काढायचं होतं त्याला.

"तुमच्याकडं कशाला येतील लोक?" सर्जेराव उसळले. "दोन्हीकडून खाता. एकाशी तरी इमान असतं का तुमचं?"

गोकुळ रागावला नाही. त्यानं गॉगल काढून शर्टाला पुसला. "काका, बरोबर आहे तुमचं. दोघांचा दलाल एक नसावा. आपण कधी इकडं थोडं दाबतो, कधी तिकडं, झूठ कायको बोलू? पण एक सांगतो. मला काय पाहिजे हे दोघांनाही माहिती असतं. मला कमिशन पाहिजे, म्हणजे मला घर विकायचंच असतं. ते धरून लोक माझं बोलणं तोलतात. तुम्ही काहीच घेत नाही. मग तुम्हाला काय पाहिजे, ते कोणाला कसं कळणार?"

"मला काही नको!"

"असा माणूस मी तरी पाहिला नाही, काका," गोकुळ म्हणाला, आणि पाणी पिऊन निघून गेला.

सर्जेराव त्याच्या नावानं बराच वेळ बडबडत होते. त्यांना घाम आला होता. त्यांनी आवडाबाईंना हाक मारून टॉवेल मागितला. आवडाबाई कपाटाशी गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. एका हातात टॉवेल होता. दुसऱ्या हातात एक कागद होता, लॅमिनेट न केलेला, वर ताजा गोल शिक्का.

"अहो, ही नक्कल ना? कडूबा भाऊजींच्या घराची?"

सर्जेरावांनी टॉवेल तेवढा ओढून घेतला.

"यावर तर गेल्या मंगळवारची तारीख आहे. आज सोमवार. तुम्ही भाऊजींना सांगत होता, रेकॉर्डवाला उद्या या म्हणतो. आणि ही टॉवेलांच्या खाली?"

"जपून ठेवली होती. राहिली लक्षातून."

आवडाबाई त्यांच्यासमोर खाटेवर बसल्या. ही बाई भांडायची तेव्हा उभी राहून भांडायची. बसली की सर्जेरावांना भीती वाटे. "मला एक सांगा. सोयगावच्या त्या नवऱ्या मुलाला लग्नाआधीच टक्कल होतं. तुम्ही पोरीच्या बापाला म्हणालात, कपाळ मोठं आहे, भाग्यवान आहे. आमच्या तनुजाचा अतुल घोरतो. तुम्ही म्हणालात, झोप गाढ आहे, मन साफ आहे. त्रेचाळीस लग्नांत तुम्ही कधी टॉर्च काढला नाही. मग कडूबा भाऊजींच्या भिंतीला एवढुशी ओल, तीच कशी दिसली तुम्हाला?"

सर्जेराव टॉवेलाची घडी घालू लागले. ती आधीच घातलेली होती. बाहेर गिरणी सुरू झाली आणि भिंत बारीक थरथरली.

"तिनं भिंत वाढवायचं म्हटलं," ते शेवटी म्हणाले. "ग्रिल टाकणार म्हणाली."

"त्याच्या आधीच टॉर्च होता खिशात."

मग मात्र सर्जेरावांनी घातलेली घडी मोडली. त्यांना कडूबानं जायला नको होतं. सरळ, साधी, लहान पोरासारखी गोष्ट. अडुसष्टाव्या वर्षी सकाळी साडेसहाला कुणासाठी चहा ओतायचा हे त्यांना कळत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायचं कसं तेही कळत नव्हतं. म्हणून त्यांनी ओल सांगितली, बोअर सांगितला, कढीपत्ता सांगितला. दोघांचा माणूस म्हणवून घेत ते दोन महिने एकट्या स्वतःचं काम बघत होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. आवडाबाईंनी त्यांच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

संध्याकाळी पाचला सर्जेरावांनी तनुजा-अतुलला बोलावून घेतलं, कडूबा-मुक्ताबाईंना भिंतीशी बोलावलं, आणि नक्कल भिंतीवर ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर कप ठेवला.

"ही गेल्या मंगळवारीच मिळाली," ते म्हणाले. "मी दडवून ठेवली. तनुजा, ओल फार नाही, रंगाच्या एका डब्याचं काम आहे. बोअरला मे महिन्यात पंधरा दिवस कमी पाणी असतं, आटत नाही. कडूबा, अतुल कंत्राटी असला तरी आठ वर्षं त्याच कंपनीत आहे, बँक कर्ज देईल. कढीपत्ता तोडायचं ती एकदाच बोलली होती, तेही मीच विचारलं म्हणून. तुमचं कुणाचं काही चुकलं नाही." इथं त्यांनी नकलेवरचा कप उगाच सरळ केला. "मला तू जायला नको होतास, कडूबा. एवढंच होतं. आता तुमचं तुम्ही बोला. मी मध्ये नाही."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका बैठकीतून सर्जेराव औताडे मधूनच उठले. आत जाऊन त्यांनी टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लावला आणि आवाज एवढा वाढवला की तुरीवरच्या अळीची माहिती मनकर्णाबाईंनाही मिळाली.

वीस मिनिटांत व्यवहार ठरला. तनुजा पेढे घेऊन आत आली. "एकोणचाळीस लाख पंचवीस हजार, काका."

सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी त्यांच्यातला मध्यस्थ उठून बसला. अडतीस आणि एक्केचाळीस यांचा मध्य साडेएकोणचाळीस. कडूबानं पंचवीस हजार कसे सोडले? मी असतो तर सोडू दिले नसते. पण आता बोलायचा अधिकार राहिला नव्हता, म्हणून त्यांनी मुकाट्यानं पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला भिंतीवर कप आला. दोघांनी चहा घेतला. अळीबद्दल कडूबांनी बारीक चौकशी केली.

आखाजीच्या दोन दिवस आधी खरेदीखत नोंदवायला सगळे गेले. उकाडा मरणाचा, खुर्च्या चार आणि माणसं चाळीस. साक्षीदार म्हणून सही करायला सर्जेरावांना नेलं होतं. वकिलानं कागद पुढं सरकवला. "काका, इथं सही."

"वाचल्याशिवाय नाही," सर्जेराव म्हणाले. मागची रांग कुरकुरली. सर्जेरावांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. लिहून देणार कडूबा पठाडे. लिहून घेणार तनुजा आणि अतुल. चतुःसीमा, क्षेत्रफळ, रक्कम. नवव्या कलमाशी ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सदर मिळकतीच्या पश्चिमेकडील सामाईक भिंतीची उंची आज आहे तेवढीच, म्हणजे चार फूट राहील. लिहून घेणार यांनी ती वाढवू नये अगर तीवर ग्रिल, जाळी अथवा इतर आडोसा करू नये. सदर अटीपोटी लिहून देणार यांनी किमतीत रुपये पंचवीस हजार सोडले आहेत."

सर्जेरावांनी वर पाहिलं. तनुजा हसत होती. कडूबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"कडूबा, हे कशाला?"

"इतवारच्या इतवार येनार हाय मी. पोरीला इचारून ठिवलंय, तुझ्या अंगणात उभा राहिलो तर चालंल का म्हणून. कप कुठं ठिवू मग? ग्रिलवर?" कडूबा अजून कॅलेंडरकडंच बघत होते. "तू आपला दोन्हीकडचा. मंग तुझ्याकडून कोणी बोलायचं का नाय? कर सही. लोकं खोळंबले."

सर्जेरावांना अक्षरं दिसेनात. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं. घाम फार आला होता, असं ते नंतर सांगतात. मग त्यांनी सही केली, हेडक्लार्कची, पूर्ण नावाची, खाली दोन टिंबं देऊन.

टेबलामागच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "साक्षीदार कुणाकडून? लिहून देणाऱ्याकडून की लिहून घेणाऱ्याकडून?"

सर्जेरावांनी सवयीनं टोपी सारखी केली. तोंड उघडलं. तनुजा, अतुल, मुक्ताबाई, वकील, सगळ्यांना उत्तर पाठ होतं.

"देणाऱ्याकडून," सर्जेराव म्हणाले. "मी कडूबाकडचा."